मॉरिशसची तीन वर्षं आणि आमची मराठी



बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांच्या आठवणी आपण एकमेकांना सांगत असतो. आज मी जरा लांबची गोष्ट सांगतो, पण ती शेवटी आपल्याच घरात येऊन पोचते. लेखन लांबलंय, सवडीने वाचा.

आमचं घर दांडिया बाजारातलं. पणजोबांचे वडील साताऱ्याकडून गायकवाड सरकारच्या नोकरीत आले, असं घरात सांगतात. तेव्हापासून आम्ही बडोदेकर. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, शाळेत दोन्ही. आमच्या मराठीत गुजराती इतकी मिसळलेली की आम्हाला ती कळतही नाही. १९८६ च्या पावसाळ्यात आम्ही पुण्याला माझ्या बहिणीच्या सासरी गेलो होतो. सौ. सहज म्हणाली, "बारी बंद करते, पाऊस आत येतोय." आमच्याकडे खिडकीला बारीच म्हणतात. तिथली मंडळी हसली. कुणीतरी विचारलं, "कसली बारी? कोणाची बारी आली?" मग दोन दिवस जेवायला बसताना, चहाला, "आता कोणाची बारी?" चाललं. सौ. हसण्यावारी नेत होती. मला मात्र फार लागलं. परत येताना गाडीत मी बडोद्यापर्यंत धड बोललो नाही. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिने हे सगळं बघितलं होतं, हे मला पुढे कळलं.

१९०८ साली सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने जी बँक उभी राहिली, तिच्यात मी बी. कॉम. झाल्यावर १९७२ मध्ये लागलो. आमच्या बँकेचं कामकाज १९६२ पासून मॉरिशसमध्ये होतं. १९८७ मध्ये माझी तिथे तीन वर्षांसाठी बदली झाली. मुलगी सात वर्षांची, मुलगा दोन. दादांना, म्हणजे वडिलांना, भावाकडे सोपवून जूनमध्ये आम्ही निघालो. लोणची, मेतकूट, गोडा मसाला आणि समईसुद्धा सामानात होती.

जून म्हणजे तिथला हिवाळा. बडोद्याच्या उकाड्यातून निघालेलो आम्ही पहाटे प्लेझान्स विमानतळावर उतरलो आणि सौ.ने मुलाला शालीत गुंडाळलं. घर मिळालं कात्र बोर्नमध्ये. पोर्ट लुई ही राजधानी खाली बंदराजवळ, कात्र बोर्न वर पठारावर, आणि त्याहून वर क्युरपीप, जिथे छत्री घेतल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. मी रोज सकाळी बसने पोर्ट लुईला उतरायचो आणि संध्याकाळी वर यायचो.

पहिला महिना भाषेने जेरीस आणलं. सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, बाजार क्रिओलमध्ये, आणि खेड्यात गेलं की भोजपुरी. मुलगा तर आधी क्रिओलच बोलायला लागला. दादांचं पत्र आलं की मी त्याला विचारायचो, "आजोबांना काय लिहू?" तो म्हणायचा, "मो पा कोने," म्हणजे मला माहीत नाही. आम्ही हसायचो. तेव्हा त्यात हसण्यासारखंच वाटलं होतं.

स्वयंपाकघराची सोय शेजारणीमुळे झाली. साठीच्या पुढची बाई, सगळी गल्ली तिला तांतीन म्हणायची. तांतीन म्हणजे मावशी किंवा काकू, जे म्हणाल ते. ती दुसऱ्याच दिवशी कुंपणावरून पाल्याची जुडी घेऊन आली. म्हणाली, "ब्रेद मुरुम." बघतो तर शेवग्याचा पाला. दुसऱ्या दिवशी "ब्रेद सोंज", तो निघाला अळू. सौ.ने अळूचं फदफदं करून वाटीभर पाठवलं. तांतीन वाटी परत द्यायला आली ती ओट्यावरच बसली. समईकडे बघितलं, गणपतीच्या तसबिरीकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "आमी मराठे. आमचा आजा रत्नांग्रीचा."

मी चाटच पडलो. मॉरिशसमध्ये भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य आहेत हे माहीत होतं. त्यात मराठी आहेत, हे मला बँकेने दिलेल्या माहितीत कुठे नव्हतं. तांतीनला मराठीची अशी पंधरा-वीस वाक्यं येत होती. बाकी सारं क्रिओल आणि भोजपुरी. पण पुरणपोळीला ती पुरणपोळीच म्हणायची, आणि रस्त्यावर मिळणाऱ्या डाळपुरीशी कुणी तिची तुलना केली की रागवायची.

खरा धक्का मुलीच्या शाळेत बसला. तिथल्या प्राथमिक शाळांत मुलांना पूर्वजांची भाषा शिकायची सोय असते. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, जी हवी ती. नाव घालताना बाईंनी फॉर्म पुढे करून विचारलं, "कुठली भाषा?" मी मराठी लिहिलं. बडोद्यात ती इंग्रजी माध्यमात होती. हिंदी आणि गुजराती शिकायची, मराठी नाही. आमच्या गावात मराठी शाळा होत्या, घरात पोथ्या होत्या, मी रोज मराठी वर्तमानपत्र वाचत होतो, पण मुलीला 'अ आ इ' शिकवायचं राहून गेलं होतं. घरात बोलतो ना, येईल आपोआप, असं वाटायचं. ती बाराखडी शिकली हिंदी महासागरातल्या एका बेटावर, ज्यांनी महाराष्ट्र कधी बघितला नव्हता अशा गुरुजींकडून. भाषा शिकवणाऱ्यांना तिथे गुरुजीच म्हणतात. मोक्याच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ते मराठी शिकले होते.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. १८३५ मध्ये तिथली गुलामी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, ती करारावर हिंदुस्थानातून आणली. 'अ‍ॅटलास' नावाचं जहाज २ नोव्हेंबर १८३४ ला ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं त्या बंदरात उतरली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातली, कलकत्त्याहून. मद्रासहून तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे. त्यात आपले कोकणातले आणि घाटावरचे. आज तिथले मराठी लोकसंख्येच्या फार तर दोन टक्के.

करार साधारण पाच वर्षांचा, पुरुषाला महिना ५ रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, त्याला 'डबल कट' म्हणत. मी आयुष्यभर व्याज आणि वजावट यांचे हिशेब केले. हा हिशेब मी एका रात्री कागदावर मांडून बघितला. महिन्यात आठ दिवस ताप आला तर सोळा दिवसांचा पगार गेला. आजारी माणूस करारातून मोकळा कसा होणार?

ही माणसं जिथे उतरली त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. माझ्या शाखेतून तिथे चालत जाता यायचं. दगडी पायऱ्या आणि पडक्या खोल्या, एवढंच तेव्हा होतं. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं.

तांतीनकडे एका डब्यात जुना कागद होता, त्यावर तिच्या आज्याचा नंबर. उतरणाऱ्या प्रत्येकाला नंबर मिळायचा. त्या काळची रजिस्टरं महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. १९८८ मध्ये एका शनिवारी गुरुजी, तांतीन आणि मी तिथे गेलो. मोठमोठी रजिस्टरं, अगदी आमच्या जुन्या लेजरसारखी. रकाने: नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज. नंबर सापडला. नाव सापडलं. जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव मात्र कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. मी चार प्रकारे वाचून बघितलं, कोकणातलं एकही गाव बसेना. तांतीनने विचारलं, "आडनाव?" आडनावाचा रकानाच नव्हता. आज्याचं पहिलं नाव तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. भिवाजी, रामजी, सखाराम अशी आडनावं तिथे म्हणूनच दिसतात. तांतीन बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. मग म्हणाली, "वय वीस." तेवढाच आकडा तिला वाचता आला होता.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट.

आम्ही गेलो त्याच वर्षी, ऑगस्टअखेरीस, गणपती आले. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हेही मला तिथेच कळलं. वाक्वाजवळच्या एका मंडळाने आम्हाला बोलावलं. भारतातून आलेले बँकेचे साहेब म्हणून पुढे बसवलं. बायका नऊवारी नेसून आल्या होत्या, मोदक होते, पोरं गोल करून 'झाकरी' नाचत होती. मग आरती सुरू झाली. पुढे मुलीचे गुरुजी. सगळ्यांच्या हातात वह्या, बऱ्याचशा इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या. गुरुजींचे उच्चार तिकडचे. 'र' अर्धा गिळलेला, 'ळ' चा 'ल'. एक शब्द तर त्यांनी असा म्हटला की मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हणालो, "असं नाही, असं म्हणा," आणि शुद्ध शब्द म्हणून दाखवला. वर थोडा हसलोही.

गुरुजी थांबले. त्यांच्याबरोबर सगळे थांबले. झांजा थांबल्या. दीडशे माणसं वह्यांत बघायला लागली, आपली चूक कुठे आहे ते शोधायला. मग गुरुजींनी मान हलवली, "मेर्सी, मिस्ये," म्हणाले आणि पुन्हा सुरू केलं. पण आवाज पहिल्यासारखा चढला नाही. बरेच जण नुसतेच टाळ्या वाजवत होते.

रात्री घरी येताना मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, आत्याकडे आईला बारीवरून हसले तेव्हा तुम्ही किती चिडला होतात."

एवढंच बोलली. सौ.ने माझ्याकडे बघितलंही नाही. ती खिडकीबाहेर बघत होती.

सोमवारी मी शाळेत जाऊन गुरुजींची माफी मागितली. त्यांना राग आलेला दिसला नाही, त्यामुळे मला जास्तच ओशाळं वाटलं. ते सावकाश, पुस्तकी मराठीत म्हणाले, "साहेब, तुम्ही बरोबर सांगितले. पण आरती थांबली ना."

पुढची तीन वर्षं मी त्यांच्याकडे शनिवारी दुपारी जायचो. शिकवायला नाही, मदतीला. मोठ्या माणसांना देवनागरी वाचता यावी म्हणून त्यांनी वर्ग काढला होता. मी मुळाक्षरांच्या प्रती काढायचो, खडूने मोठी अक्षरं लिहायचो. उच्चार गुरुजीच घ्यायचे.

रविवार मात्र भटकण्याचा. जुनी गाडी घेतली होती. अख्खा देश पासष्ट किलोमीटर लांब आणि पंचेचाळीस रुंद, म्हणजे बडोद्याहून अहमदाबादला जायला लागतं त्याहून कमी अंतरात तो संपतो. पांपलमूसच्या बागेतली परातीएवढी कमळाची पानं, शामारेलची सात रंगांची माती, माहेबुर्गचा समुद्र, सगळं बघितलं. महाशिवरात्रीला लोक खांद्यावर कावड घेऊन गंगा तलावापर्यंत चालत जातात, त्यांच्याबरोबर आम्हीही थोडं चाललो. पण माझ्या डोळ्यांसमोर आजही येतात ते उसाच्या मळ्यांतले काळ्या दगडांचे ढीग. ज्वालामुखीची जमीन, तिच्यातले दगड हातांनी वेचून मजुरांनी हे ढीग रचले. काही ढीग दुमजली घराएवढे. तांतीन बरोबर असली की म्हणायची, "आज्याचं काम."

जानेवारी १९८९ च्या अखेरीस फिरिंगा नावाचं चक्रीवादळ आलं. तिथे इशारे एक ते चार नंबरात देतात. तिसऱ्या इशाऱ्याला बस बंद, ऑफिसं बंद. चौथा म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झाले. तांतीनच्या घराला पत्रा होता, म्हणून ती आमच्याकडे आली. काचांना पट्ट्या चिकटवल्या, बादल्या भरल्या, पाव आणून ठेवले. वीज गेली तेव्हा बडोद्याची समई लावली. वारा असा की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मुलगा रडायचा थांबेना. तेव्हा तांतीनने त्याला मांडीवर घेतलं आणि एक ओवी म्हणायला सुरुवात केली. जात्यावरची, तिच्या आजीने म्हटलेली. चाल ओळखीची, शब्द अर्धे झिजलेले. मुलगा झोपला. वारा जरा उतरल्यावर तिने सौ.ला क्रिओलमध्ये विचारलं, "यात काय म्हटलंय?" साठ वर्षं म्हणत होती, अर्थ माहीत नव्हता.

सौ.ने तिच्याकडून एकेक शब्द पुन्हा म्हणवून घेतला आणि अर्थ लावला. भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतोय, ती वाटेकडे बघतेय, असं त्यात होतं. माहेर हा शब्द तांतीनला माहीत नव्हता. सौ.ने समजावून सांगितला. तांतीन म्हणाली, "म्हणून आजी रडायची." मग दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी त्या रात्री कुणाचाही शब्द दुरुस्त केला नाही.

जून १९९० मध्ये आम्ही परतलो. काही वर्षांनी कामानिमित्त मला गणपतीत रत्नागिरी जिल्ह्यात जावं लागलं. गुहागरकडच्या एका वाडीत संध्याकाळी जाखडी बघितली. पोरं गोल करून नाचत होती, पायात चाळ, मध्ये मृदंग. ती वाक्वाची झाकरी होती. नंतर आरती झाली. तो शब्द आला, आणि अख्ख्या वाडीने तो गुरुजींनी म्हटला होता तसाच म्हटला. मी ज्याला चूक म्हणालो होतो तो उच्चार शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी जहाजातून नेला होता, आणि तिथे नीट सांभाळून ठेवला होता. मी आरती म्हणता म्हणता गप्प झालो. शेजारचा माणूस म्हणाला, "काय झालं, साहेब?" काय सांगणार?

गुरुजींना मी हे पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर देवनागरीत आलं. तांतीन गेल्याचंही त्याच पत्रात होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका आहेत. पत्र माझ्या कागदपत्रांच्या फायलीत, मृत्युपत्राच्या वर ठेवलंय.

मंडळी, आपण सगळे महाराष्ट्राबाहेरचे. आपल्याला कुणीतरी पुण्या-मुंबईत हसलेलं असतं. तुमच्या मराठीत हिंदी, कानडी, कोंकणी, तेलुगू येते, आमच्यात गुजराती. २०१८ मध्ये ९१ वं साहित्य संमेलन आमच्या बडोद्यात झालं, तेव्हा मांडवात बसून मला अभिमान वाटत होता. आणि त्याच वेळी मनात येत होतं की घरात काय झालं? कारण माझा खरा हिशेब तिथे चुकलाय.

मुलीने मॉरिशसमध्ये तीन वर्षं मराठी शिकली. ती आज मेलबर्नला आहे. आईला मराठीत निरोप लिहिते, तिच्या मुलाला ती ओवी येते, अर्थासकट. मुलगा पाच वर्षांचा असताना आम्ही परतलो. त्याची शाळा बडोद्यात सुरू झाली, इंग्रजी माध्यमात, आणि मी पुन्हा तेच म्हटलं, घरात बोलतो ना, येईल आपोआप. बोलायला आली. मधे मधे चुकायचा तेव्हा मी सवयीने दुरुस्त करायचो. दहावीनंतर तो माझ्याशी हिंदीत बोलायला लागला. वाचता तर त्याला कधीच आलं नाही. तो आता बेंगळुरूला असतो, सुट्टीला यायचाय.

हा लेख त्याला मीच वाचून दाखवणार आहे. मधे त्याने काही विचारलं, चुकीच्या मराठीत विचारलं, तरी वाचन थांबवायचं नाही असं ठरवलंय.